जाराऊच्या पाठीचं माप

कापितच्या बाजारातून आलेली होडी, सगळं गाव एकाच छपराखाली राहतं त्या आमच्या लांबघराच्या घाटाला लागली आणि जाराऊ तिच्यातून उतरला तो पाठीवर हिरवी नायलॉनची पिशवी लावूनच. त्याची बायको सुबांग घाटाच्या दगडावर मासे साफ करत बसली होती. तिने मान वर केली, पिशवी बघितली, आणि हातातला अर्धा सोललेला मासा तसाच पाण्यात सोडून दिला.

"हे काय आहे?"

"पिशवी."

"ते दिसतंय मला, आंधळी नाही झाले अजून. कशाला?"

"शिकारीला."

बस, एवढंच बोलणं झालं. घाटावरच्या बाकीच्या बायकांनी आपापली भांडी उचलली खरी, पण एकही वर गेली नाही. सुबांगचं भांडण समोर उभं असताना कोण जाणार?

आता कुणी म्हणेल, पिशवीच तर आणली, बाई तर नाही आणली. असं म्हणणारा आमच्या लांबघरात जन्मलेला नाही. आमच्याकडे शिकारीला जाणाऱ्या पुरुषाच्या पाठीवर सेलाबित असतं. वेताची चौकोनी, ताठ पाटी, झाडाच्या सालीचे दोन पट्टे खांद्यावरून घ्यायचे आणि पाठीला लावायची. रानातून डुकराचं मांस येतं ते तिच्यातूनच. आणि ती विणते त्याच्या बिऱ्हाडातली बाई. आधी आई विणते, मग बायको. बाजारातली पिशवी पाठीवर लावून हिंडणारा माणूस गावाला एकच सांगत असतो, की माझ्या घरात बाई नाही, किंवा आहे ती कुचकामाची. तिसरा अर्थ आमच्या ओसरीवर कुणी लावत नाही.

आणि ही तर सुबांग. तिच्या हातचं सेलाबित मिळावं म्हणून नदीच्या चार वळणं खालच्या लांबघरांतले लोक होडी वल्हवत यायचे. येताना जीव मुठीत धरून यायचे, कारण माप देणं म्हणजे शिव्या खाणं. रिकामी पाटी पाठीवर घालून "छान बसली" म्हणणाऱ्याला ती तिथेच फाडून खायची. "रिकामी पाटी भिंतीवरच्या खिळ्यालापण छान बसते! खिळा आहेस का तू?" मग पाटीत नदीतले ओले दगड भरायचे आणि गड्याला लांबघराच्या शिडीवरून चढवायचं. लांबघर उंच खांबांवर उभं, आणि शिडी म्हणजे खाचा पाडलेला ओंडका. गडी चढून आला, उतरला, परत चढून आला, की सुबांग त्याच्या पाठीत आणि पाटीत हात घालून बघायची. पाटीचं बूड कमरेच्या वरच्या खळग्यात टेकलं पाहिजे, खाली ढुंगणावर आपटता कामा नये. पट्टे नेमके फुलांवर पडले पाहिजेत. आमचे पुरुष तरुणपणी देशोदेशी फिरायला निघतात तेव्हा दोन्ही खांद्यांच्या पुढच्या बाजूला वांग्याचं फूल गोंदवून घेतात. ओझ्याचा पट्टा तिथेच यायचा असतो. फूल झाकलं गेलं तर माप बरोबर. पट्टा गळ्याकडे सरकला किंवा दंडाकडे घसरला, तर सुबांग सगळं उसवायची आणि उसवताना त्या गड्याच्या खांद्यांना नावं ठेवायची. एकाने एकदा विचारलं होतं, की मला आणि भावाला मिळून एकच विणून देता का. "एकच दात दोघांच्या तोंडात बसतो का रे?" म्हणून तिने त्याला घाटापर्यंत हाकलत नेला.

जाराऊचं माप तर चुलीवरच्या आढ्यात खोचलेलं होतं. वेताची एक लांब पट्टी, तिला एक खाच. लग्नाच्या वर्षी तिने त्याला पाठमोरा उभा करून पट्टीचं टोक मानेच्या हाडाला लावलं होतं आणि कमरेचं हाड जिथे आलं तिथे कोयत्याने खाच पाडली होती. धुराने पट्टी काळीकुट्ट झाली, सेलाबितं झिजली, नवी विणली गेली, पण माप तेच. "पाठ कुठे जातेय पळून?" असं ती म्हणायची.

तर घाटावरून ती दोघं ओसरीवर आली. आमची ओसरी सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथे शिंकलं तरी सगळ्यांना ऐकू जातं, आणि सुबांग काही शिंकत नव्हती.

"बघा रे बघा! लामितच्या बापाने नवी बायको आणलीय! हिरवीगार! पाठीवर बसवूनच आणलीय!" लामित म्हणजे त्यांची मुलगी, लग्न होऊन मिरी शहरात गेलेली. आमच्यात नवराबायको एकमेकांना मुलाच्या नावाने हाक मारतात.

"लामितच्या आई, हळू बोल."

"का हळू? तू घाटावरून मिरवत आलास तेव्हा हळू आलास का?"

"अगं, हिला कमरेला पट्टा आहे. वजन खांद्यावर नाही येत, कमरेवर येतं."

"कमरेवर वजन बायका घेतात, कडेवर पोर असतं तेव्हा! तुझं पोर कुठंय?"

पलीकडच्या बिऱ्हाडातला गुयांग खो खो हसला. हा गुयांग तरुण, धिप्पाड, जिभेला हाड नसलेला. जाराऊ कधी चिडायचा नाही, पण त्याचे कान लाल झालेले सगळ्यांनी बघितले. तरी तो बिचारा समजावत राहिला. दुकानात पाच-सहा पिशव्या पाठीला लावून बघितल्या म्हणाला. एक उंच होती, डोक्यामागे काठीसारखी उभी राहत होती. एकीचे पट्टे काखेत कापत होते. दुकानदाराने प्रत्येकीत तांदळाची पोती भरून त्याला दुकानात चालवलं, पट्टे ओढून, सैल करून दिले, कमरेचा पट्टा हाडाच्या वर नेमका बसवून दिला. शेवटी ही बसली.

हे ऐकून सुबांगचा चेहरा जो काही झाला! पिशवी आणली हे एक वेळ तिने गिळलंही असतं. पण माप?

"म्हणजे त्या दुकानदारासमोर ताठ उभा राहिलास. त्याने पट्टे ओढले, तू ओढून घेतलेस. भरून चाललास पण! माझ्यासमोर उभा राहताना तर सारखी कुरकुर. बूड आपटतंय, बूड आपटतंय. गेलं वर्षभर डोकं खाल्लंस माझं."

"आपटतंच होतं."

"पाटीचं बूड जिथे होतं तिथेच आहे. तुझंच खाली आलंय!"

यावर तर सगळी ओसरीच हसली. सुबांगने भिंतीवरचा कोयता काढला. जाराऊ दोन पावलं मागे सरला, पण तिला तो नको होता. तिने पिशवी खेचली, तो रुंद, गुबगुबीत कमरेचा पट्टा मुठीत धरला आणि दोन्हीकडून सपासप कापून टाकला. मग ओसरीखाली झोपलेल्या कुत्र्याकडे भिरकावला. "घे रे, तुझाच आहे! पट्टे कुत्र्यांना बांधतात!" कुत्र्याने पट्टा तोंडात धरला आणि खुशीत शेपूट हलवत पळालं.

जाराऊ पट्टा गेला त्या दिशेने बघून आत गेला. सुबांग मात्र संध्याकाळपर्यंत बोलत होती.

त्याच आठवड्यात रानातल्या एंगकाबांगच्या झाडांची फळं गळायला लागली. हे दर वर्षी होत नाही. तीन-चार वर्षांनी कधीतरी रान असं ओतू जातं, आणि मग डुकरं कळपाकळपाने डोंगर उतरून येतात, नदी पोहून पार करतात, खाऊन खाऊन चालता येईनाशी होतात. तेव्हा मारलं ते मारलं. ते मांस खारवून माठात भरायचं आणि पुढचं वर्षभर पाहुण्याला तोंड दाखवायला जागा ठेवायची. सगळे पुरुष निघाले. जाराऊही निघाला. पिशवी कोपऱ्यात पडली होती. त्याने खुंटीवरचं जुनं सेलाबित काढलं, पाठीला लावलं आणि शिडी उतरला.

"आला की नाही सरळ?" सुबांग शेजारच्या तिपोंगला म्हणाली. तिला भारी समाधान वाटलं होतं. मनातल्या मनात ती जिंकल्याचं पानसुद्धा रंगवत होती.

इथे आमचा एक रिवाज सांगितला पाहिजे, नाहीतर जाराऊ गेलाच का ते कळायचं नाही. शिकारीचे वाटे रानातच पडतात आणि सगळ्यांना सारखे पडतात. पण प्रत्येक बिऱ्हाडाचा वाटा त्याच बिऱ्हाडाच्या पाठीवरून शिडी चढून आला पाहिजे. ज्याचा वाटा दुसऱ्याने वर आणला, तो त्या दिवसापासून बसल्यांच्या पंगतीत गेला. म्हाताऱ्यांना आणि विधवांना मांस मिळतं, चांगलं मिळतं, कुणी उपाशी ठेवत नाही. पण ते बसल्या जागी मिळतं, आणि मग रानात कधी जायचं, कुठल्या ओढ्याने जायचं, हे बोलणं चालू असताना त्या माणसाकडे कुणी बघत नाही. जाराऊ अख्ख्या डोंगराचा वाटाड्या. त्याला त्या पंगतीत बसण्यापेक्षा मरण परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं परत आली. पोरं ओरडत धावली, बायकांनी माठ धुऊन ठेवले. गुयांग सगळ्यात आधी शिडी चढला, पाटीतून रक्त गळत होतं आणि तोंडाचा पट्टा चालू. मग बाकीचे आले. जाराऊ शेवटी आला. शिडीच्या तळाशी येऊन थांबला. एक हात ओंडक्यावर ठेवला आणि उभाच राहिला.

"काय जाराऊदादा," गुयांग वरून ओरडला, "शिडीची परवानगी घेताय का?"

सुबांग कठड्याशी आली. तोंडात चार शब्द तयार होते, ती खाली वाकली आणि ते शब्द तोंडातच राहिले.

तिला जे दिसलं ते फक्त तिलाच दिसणार होतं. सेलाबितची वरची कड जाराऊच्या डोक्यामागे वर निघाली होती. तिथे ती असायची नव्हती. खांद्यावर पट्टे टेकत नव्हते, मध्ये फट पडली होती. आणि ते फुलांवर नव्हते. गळ्याकडे सरकले होते आणि गोंदलेली दोन्ही फुलं उघडी पडली होती, घामाने चकाकत होती. तिने आधी पाटीलाच शिव्या घातल्या मनात. कुठे चुकले मी? पण वेत वाढत नाही. विणल्यानंतर पाटी मोठी होत नाही. मग बदललं काय?

ती धाडधाड शिडी उतरली. जाराऊच्या खांद्यावरून पट्टे काढले, पाटी स्वतःच्या एका खांद्यावर टाकली आणि वर चढली. तो मागून आला, रिकामा, एकेक खाच धरत. ओसरीवर कुणी हसलं नाही. सुबांग गप्प आहे म्हणजे काय प्रकार आहे, हे कुणालाच कळेना. म्हातारा सलांग, आमच्या घराचा मुखिया, कठड्याशीच बसला होता. त्याने पाटी कुणाच्या खांद्यावर आहे ते बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

बिऱ्हाडाचं दार लावून ती म्हणाली, "पाठमोरा उभा राहा."

"लामितच्या आई, दमलोय मी."

"उभा राहा म्हणते ना!"

आढ्यातली काळी पट्टी तिने काढली. टोक त्याच्या मानेच्या हाडाला लावलं आणि पट्टी पाठीवरून खाली सोडली. खाच कमरेच्या हाडावर आली नाही. खाली गेली, चांगली तीन बोटं खाली. तिने पट्टी उचलली, परत लावली.

"ताठ उभा राहा."

"ताठच उभा आहे," जाराऊ म्हणाला.

सुबांगने पट्टी भिंतीवर फेकून मारली.

मग एकेक शब्द ओढून काढावा लागला. गेल्या उन्हाळ्यात तो मांस घेऊन ओढ्यावरच्या ओंडक्यावरून येत होता. पाय घसरला आणि भरल्या पाटीसकट खडकावर बुडावर आपटला. आत काहीतरी कडकन वाजलं. तरी मांस घेऊन आला. ताप आलाय म्हणून पडून राहिला, आणि सुबांगने त्याला पाला उकळून पाजला, तापाचा! परवा कापितला काडतुसं आणायला म्हणून गेला तो खरं तर सरकारी दवाखान्यात गेला होता. डॉक्टर म्हणाले मणका दबलाय, खांद्यावरून ओझं घेऊ नका. घ्यायचंच तर थोडं, आणि कमरेवर. दवाखान्यातून निघाला तो तडक दुकानात गेला.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं? तू ओरडली असतीस."

"ओरडणारच!" आणि ती खरंच ओरडली. इतकी की बाहेर तिपोंगच्या हातातलं माठाचं झाकण पडलं. "ओरडणारच मी! मी ओरडते म्हणून तू मोडलेली पाठ घेऊन हिंडणार? मी ओरडते म्हणून मला माझ्या माणसाची पाठ दिसू देणार नाहीस? वर्षभर शेजारी झोपते मी तुझ्या! त्या दुकानदाराला तासाभरात कळलं वजन कुठे ठेवायचं, आणि मी, चार गावची सेलाबितं विणणारी, मी तुला म्हणते बूड तुझं खाली आलंय!"

"ते खरंच होतं," जाराऊ म्हणाला, आणि हसायला गेला, पण पाठीत कळ आली म्हणून थांबला.

"दात दाखवू नकोस! मला राग आलाय!"

राग कुणाकुणाचा नव्हता आला. त्या ओंडक्याचा, डुकरांचा, हसणाऱ्या ओसरीचा, दुकानदाराच्या शहाण्या हातांचा. आणि स्वतःच्या हातांचा तर इतका, की तिने ते मांडीखाली दाबून धरले होते. दारावर थाप पडली. तिपोंग विचारत होती, काय झालं गं?

"काही नाही! मांस नीट धुतलं नाही त्याने!" सुबांगने आतूनच सांगितलं. नवऱ्याची पाठ ओसरीवर मांडायची नाही, एवढं तिला तेवढ्या रागातही कळत होतं.

मग ती खाली उतरली आणि कुत्र्याच्या मागे लागली. भर उन्हात, डुकरांच्या गोठ्यामागे, लाकडांच्या ढिगाखाली. पट्टा सापडला तेव्हा त्याचं एक टोक चावून चावून भुसा झालं होतं. तिने तो नदीत धुतला, वाळवला, मासे धरायच्या जाळ्याच्या दोऱ्याने पिशवीला परत शिवला आणि चावलेल्या जागी बारीक वेत विणून घातला. जाराऊच्या कमरेला बांधून बघितला. पिशवीत दगड भरले, थोडेच. त्याला शिडी चढवली, उतरवली. पाठीत आणि पिशवीत हात घालून बघितलं. बरोबर बसली होती. दुकानदाराने काम चांगलं केलं होतं, मेल्याने. हे तिने कुणापाशी कबूल केलं नाही.

पण त्या पिशवीतून आता काडतुसं जातील, मीठ जाईल, तांदळाची पुरचुंडी जाईल. डुकराचा वाटा जाणार नाही. जाराऊला ते कळत होतं. तो चुलीपाशी बसून राहायला लागला. बाहेर पुढच्या शिकारीचं बोलणं चालू असलं तरी उठेना. एक दिवस गुयांगने सगळ्यांसमोर सहज विचारलं, "दादांचा वाटा यावेळी मी आणू का वर?" चांगल्या मनाने विचारलं असेल, नसेल. सुबांगने त्याच्याकडे असं बघितलं की तो स्वतःच्या बिऱ्हाडात जाऊन बसला.

त्या दिवशी तिने नवा वेत चिरायला घेतला. जाराऊ बघत होता.

"मला नको आता, लामितच्या आई. कितीही आखूड विणलंस तरी मला जमायचं नाही."

"तुला कोण देतंय?"

"मग माप कुणाचं?"

तिने आढ्यातून नवी, कोरी पट्टी काढली, त्याच्या हातात दिली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. "धर. टोक मानेच्या हाडाला लाव. ते नव्हे, त्याच्या खालचं, वाकले की टोचतं ते! इतकी वर्षं माप देतोस, घ्यायला नाही का शिकलास? आता सोड खाली. कमर कुठे संपते ते तरी माहीत आहे का, की तेही दुकानदाराला विचारून येऊ?"

जाराऊने खाच पाडली. जरा वाकडी पडली. सुबांग त्यावरूनही बोलली.

पाटी झाली तेव्हा तिने तीत ओले दगड भरले आणि सगळ्या ओसरीदेखत शिडी चढली, उतरली, चढली. सलांगने खोकून सुरुवात केली.

"सुबांग, शिकारीला बाई जात नाही."

"सलांगआजा, डोंगरावरून भाताची पोती कोण आणतं?"

"ते वेगळं."

"हो, वेगळंच. भात जड असतो. रिवाज काय आहे तो सांग, तू मुखिया आहेस. बिऱ्हाडाचा वाटा बिऱ्हाडाच्या पाठीवरून आला पाहिजे. पुरुषाच्या पाठीवरून असं कुठे म्हटलंय?"

खरं तर तसं कुणीच कधी म्हटलेलं नव्हतं, कारण विचारायची वेळच आली नव्हती. "म्हटलेलं नाही," सलांग शेवटी म्हणाला.

"मग झालं तर."

"पण ही बरोबर आली तर तोंड बंद ठेवणार का?" गुयांगने विचारलं. "डुकरं दुसऱ्या डोंगरावर जातील!"

"तुझा आवाज ऐकून जाताहेत ती आधीच!"

आणि ती गेली. पुढे जाराऊ, कमरेला पट्टा, हातात बंदूक, पाठीवर हलकी हिरवी पिशवी. मागे सुबांग. कुठल्या ओढ्याने जायचं ते जाराऊनेच ठरवलं आणि बाकीचे त्याच्या मागून चालले. एंगकाबांगच्या झाडांखाली पोचेपर्यंत ती कशावर बोलली नाही ते विचारा. जळवांवर बोलली, वाटेवर बोलली, तो जोरात चालला तर त्याच्यावर, हळू चालला तरी त्याच्यावर. पण डुकरांचा वास कुत्र्यांना लागला तसं जाराऊने मागे न बघता नुसता हात वर केला आणि ती गप्प बसली. आमच्या माणसांनी हे डोळ्यांनी बघितलं म्हणून ठीक, नाहीतर कुणाचा विश्वास बसला नसता.

दुपार कलता कलता ते परत आले. गुयांग आधी चढला, मग बाकीचे. शिडीच्या तळाशी जाराऊ बाजूला उभा राहिला आणि सुबांग त्याच्या आधी चढली. पाटीत त्यांच्या बिऱ्हाडाचा वाटा होता, पूर्ण, एक तुकडा कमी नाही. वरच्या खाचेला तिचा पाय लटपटला. खालून कुणाचा तरी हात पुढे झाला, तसं तिने दातांवर दात दाबून सांगितलं, "खबरदार हात लावलास तर." ती चढली. वाटे मोजणाऱ्या सलांगसमोर तिने पाटी उतरवली आणि धापा टाकत म्हणाली, "जाराऊचं बिऱ्हाड. मोज."

सलांगने मोजलं. नाव घेतलं ते बाकीच्यांबरोबर, बसल्यांबरोबर नाही. मग मान वर करून जाराऊला विचारलं, "पुढच्या खेपेला वरच्या ओढ्याने जायचं की खालच्या?"

जाराऊने काय उत्तर दिलं ते सुबांगने ऐकलं नाही. ती भिंतीला टेकून बसली होती, पाणी पीत. जाराऊ उत्तर देऊन झाल्यावर तिच्याजवळ येऊन बसला. तिच्या खांद्यावरून वस्त्र घसरलं होतं. दोन्ही खांद्यांच्या पुढच्या बाजूला, नेमक्या त्या जागी, पट्ट्यांनी कातडी सोलून लालभडक दोन डाग पडले होते. जाराऊने एका डागापाशी अलगद बोट टेकवलं.

"आली बघ फुलं तुला."

"हात काढ," सुबांग म्हणाली. "आग होतेय."

पण तिने खांदा काही मागे घेतला नाही.